पाझारे सरांचा तिसरा पंप

“…पण भंते, किती लिटरचा घेऊ?”

निखिलेश पाझारेनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

भंते उपशांत एका रोपाची मुळं पाहत होते. विहाराच्या गच्चीवर आडवे पांढरे पाइप मांडलेले. पाइपांना गोल भोकं, आणि भोकाभोकांत पालक, मेथी, पुदिना. माती कुठेच नाही. उचललेल्या रोपाची मुळं पांढरीशुभ्र होती. त्यांतून पाणी ठिबकत होतं.

“कशासाठी?”

“मघाशी सांगितलं ना. घरी बाल्कनीत मी असंच केलंय. चार पाइप, खाली चाळीस लिटरची टाकी. पंप टाकीतलं पाणी वर चढवतो, ते पाइपांतून वाहत परत टाकीत येतं…”

“ते कळलं. केलं कशासाठी?”

निखिलेशनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

तो गणित शिकवायचा. गावातल्या निम्म्या घरांतली मुलं त्याच्या शिकवणीला येऊन गेलेली. रस्त्यानं चालला की लोक ‘सर’ म्हणून थांबायचे. त्यालाच कुणी प्रश्न विचारावा आणि त्यानं थांबावं, असं फारसं होत नसे.

“माझ्या आईसाठी,” तो म्हणाला.

भंतेंनी रोप परत भोकात ठेवलं.

“डिसेंबरात पडली ती. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं. डॉक्टर म्हणतात, आता चाला. वॉकर आणून दिलाय. चार महिने झाले, तो पलंगाशेजारी उभा आहे.”

“चालत काहून नाई?”

“म्हणते, चालून जाऊ कुठं? तिसरा मजला… आयुष्यभर भाजी पिकवली तिनं आणि बाजारात बसून विकली. मला वाटलं, पलंगावरून हिरवं दिसलं तर…”



“मंग?”

“दोनदा मेलं सगळं.”

उन्हं अजून कोवळी होती. खाली वस्तीत कुणीतरी कूलरची टाकी घासत होतं.

“पहिला पंप मोठा घेतला, ताशी तीन हजार लिटरचा. म्हटलं, कमी पडायला नको. पाइप तुडुंब भरायचे. टाकीतलं पाणी कोमट व्हायला लागलं. तिसऱ्या आठवड्यात मुळं तपकिरी, बुळबुळीत. वास मारायला लागला.”

“दुसरा?”

“दुसरा हिशेबानं घेतला. ताशी हजार लिटर, उंची दीड मीटर. माझा वरचा पाइप दीड मीटरवरच आहे. अगदी बरोबर! आणि तरी वर पाणी येईना. रोपं उभ्या उभ्या वाळली.” त्याचा आवाज चढला होता. “खोक्यावर खोटं छापतात, भंते.”

“माय काय म्हणाली?”

“भिंतीकडे तोंड केलं तिनं. म्हणाली, निखिल, आता नको आणू काही.”

मग त्यानं पिशवीतून फाइल काढली. त्यात अकरा पंपांची यादी होती. वजन, वॅट, आवाज, सगळे रकाने भरलेले. शेवटच्या पंपाखाली लाल रेघ.

“हा बघा. याचा वेग मोबाइलवरून कमीजास्त करता येतो. कुठेही असलो तरी. तुम्ही कोळशाच्या खाणीत पंपांवर होतात म्हणून विचारतोय. हा घेऊ का?”

खरं होतं ते. चीवर घेण्याआधी बावीस वर्षं भंते जमिनीखाली पंप खलाशी होते. खाणीत साठणारं पाणी उपसून वर पाठवायचं, एवढंच काम. पाळीपाळीनं, न थांबता.

भंतेंनी फाइल हातात घेतली नाही.

त्यांनी टाकीजवळ वाकून वर जाणारी पारदर्शक नळी पाइपातून ओढून काढली. नळीच्या तोंडातून भळाभळा पाणी येत होतं. ते तोंड त्यांनी निखिलेशच्या हातात दिलं.

“वर उचल.”

“किती?”

“उचल.”

निखिलेशनं नळी गुडघ्यापासून कमरेपर्यंत आणली. धार होती. छातीपर्यंत आणली. धार बारीक झाली.

“अजून.”

त्यानं हात डोक्यावर नेला. आता पाणी धार धरत नव्हतं, नळीच्या ओठावरून नुसतं ओघळत होतं. त्याची बाही भिजली.

“अजून.”

“हात पुरत नाही.”

भंतेंनी पायानंच स्टूल पुढे सरकवलं. निखिलेश चढला. नळी आणखी वीतभर वर गेली… आणि ओघळ थांबला.

“बंद पडला,” निखिलेश म्हणाला.

“टाकीले हात लाव.”

एका हातानं नळी तशीच वर धरून तो उतरायला लागला. नळी खाली आली तसं पाणी पुन्हा फुटलं आणि थेट त्याच्या शर्टावर आलं. भंतेंनी नळी आपल्या हातात घेतली, स्टुलावर चढले, होती तिथंच धरली. निखिलेशनं टाकीला तळवा लावला.

टाकी थरथरत होती. पंप चालू होता.

“चालू आहे.”

“पाणी?”

“नळीत आहे. काठापर्यंत.”

“कुठं चाललं ते?”

निखिलेश पाहत राहिला. पारदर्शक नळीत पाणी उभं होतं. पंप त्याला ढकलत होता, आणि ते हलत नव्हतं.

“कुठेच नाही…”

भंते हात वर करून उभेच राहिले.

निखिलेश एकदम खाली बसला. ओल्या गच्चीवर, पँट भिजवत.

“ही उंची!” तो म्हणाला. “खोक्यावर लिहितात ती ही उंची. जिथं पाणी पोचतं ती नाही… जिथं संपतं ती! दीड मीटरला माझा पंप शून्य देतो. आणि हजार लिटर देतो ते शून्य उंचीला. दोन्ही आकडे खरे आहेत. पण एकाच वेळी नाहीत.”

“तू काय शिकवतो पोराइले?”

“आलेख शिकवतो,” निखिलेश म्हणाला, आणि त्याला स्वतःचंच हसू आलं. “एका टोकाला हजार, दुसऱ्या टोकाला दीड मीटर. मधे उतरती रेघ. मी दोन्ही टोकं वाचली, भंते. रेघ पाहिलीच नाही.”

भंते स्टुलावरून उतरले.

आता निखिलेशला थांबवणं शक्य नव्हतं. त्यानं फाइल बाजूला टाकली, विहारातलं लिटरचं माप मागून आणलं, मनगटावरचं घड्याळ काढून भंतेंच्या हातात दिलं. गुडघ्याला धरलेली नळी पाच सेकंदांत माप भरत होती, कमरेला धरलेली सातात, खांद्याला चौदात. डोक्यावर धरली तेव्हा माप भरायला पाऊण मिनिट लागलं. प्रत्येक वेळी तो गच्चीच्या कठड्यावर कोळशाच्या तुकड्यानं खूण करायचा. भंते सेकंद मोजायचे. एकदा मोजता मोजता चुकले, तेव्हा त्यानं त्यांना, “पुन्हा!” असं वर्गातल्या मुलाला म्हणावं तसं म्हटलं. म्हणून झाल्यावर ओशाळला.

भंतेंनी पुन्हा मोजलं.

“म्हणजे मला दीड मीटरवर किती हवं, ते आधी ठरवायचं,” निखिलेश म्हणाला. “आणि मग तो आकडा देणारा पंप शोधायचा. खोक्यावरचा आकडा नाहीच बघायचा.”

“किती हवं?”

“ते…” तो थांबला. “ते इंटरनेटवर वेगवेगळं दिलंय.”

“रोपाइले किती हवं?”



भंतेंनी पंपाचं बटण बंद केलं. गच्ची एकदम शांत झाली. मग त्यांनी एक स्टीलचा लोटा टाकीत बुडवून भरला आणि त्याच्यापुढे धरला.

“पाज.”

निखिलेशनं लोटा पाइपाच्या वरच्या तोंडाशी नेला आणि ओतला. पाणी पाइपात उसळलं. पहिल्या दोन रोपांच्या देठांपर्यंत चढलं.

“बुडून राहिले,” भंते म्हणाले.

त्यानं दुसरा लोटा थेंब थेंब सोडला. पाइपाच्या शेवटच्या भोकातलं रोप उचलून पाहिलं. मुळं वरून सुकायला लागली होती. पाणी तिथवर पोचलंच नव्हतं.

तिसरा लोटा. चौथा. मनगट दुखायला लागलं. त्याच्या फाइलीत अकरा पंपांचा तक्ता होता, पण मुळांना किती पाणी लागतं हे त्यानं आजवर कधी हातानं करून पाहिलं नव्हतं. पाचव्या-सहाव्या लोट्याला त्याला एक धार सापडली, साधारण करंगळीएवढी. ती धरली की पाणी पाइपाच्या तळाशी पातळ पसरून, सगळ्या मुळांची टोकं भिजवत, शेवटच्या रोपापर्यंत सावकाश जात होतं. मुळांचा वरचा भाग ओलसर हवेत मोकळा राहत होता.

“अशी?” त्यानं विचारलं.

भंते वाकून पाहत होते. “मले काय इचारतो? रोपं हायत ना समोर.”

त्यानं त्या धारेनं एक लिटर ओतलं आणि वेळ पाहिली. जवळपास पन्नास सेकंद. मग चार पाइपांचा गुणाकार तोंडी केला.

“ताशी तीनशे लिटरसुद्धा नाही…” तो हळू म्हणाला. “मी तीन हजारांचा घेतला होता.”

खालून एका बाईचा आवाज आला. भंतेंचं जेवण आलं होतं. बारा वाजायच्या आत त्यांचं जेवण उरकायचं असे.

उठता उठता भंतेंनी टाकीतून पंप बाहेर काढला. मूठभर आकाराचा. समोरचं झाकण अंगठ्यानं दाबून उघडलं. आत पाणी फिरवणारं लहानसं चाक, त्याला एक केसासारखं मूळ गुंडाळलेलं. त्यांनी ते नखानं ओढून काढलं, झाकण बसवलं.

“असा पाह्य,” ते म्हणाले. “हातानं उघडणारा. स्क्रू मागणारा नको.”

“एक विचारू? तुम्ही मातीतच का नाही लावत भाजी? विहारामागे एवढी जागा आहे.”

“भिक्खूनं जमीन खणायची नसते.”

“आणि खुडायची?”

“तेही नाई. बाया येतात, खुडून नेतात.” भंते जिन्याकडे निघाले. “मी फक्त पाणी पाहतो.”

*

कूलरच्या सामानाच्या दुकानात दुसऱ्या दिवशी निखिलेशनं पाण्यानं भरलेली बादली मागितली.

“सर, काय करून राहिले?” दुकानदारानं विचारलं. सर एकेक पंप बादलीत सोडत होते, घरून आणलेली नळी लावत होते, दुसरं टोक भिंतीवरच्या दीड मीटरच्या खुणेला धरत होते आणि माप भरायला किती सेकंद लागतात ते पाहत होते.

चौथा पंप पसंत पडला. त्याच्यावरही हजार लिटरच लिहिलं होतं, पण उंचीचा आकडा अडीच मीटर होता. दीड मीटरवर तो चारशेच्या आसपास देत होता. झाकण हातानं उघडत होतं. लाल रेघेचा पंप दुकानात होता, निखिलेशनं त्याकडे पाहिलं नाही.

घरी त्यानं नळीला एक छोटी तोटी बसवली आणि करंगळीएवढ्या चार धारा जुळवल्या. रोपं लावली.

आईनं, अनसूयाबाईंनी, पलंगावरून एकदाच विचारलं, “पुन्हा?”

“पुन्हा,” तो म्हणाला.

अनसूयाबाई या वेळी भिंतीकडे वळल्या नाहीत.

दोन आठवड्यांत पानं तळहाताएवढी झाली. निखिलेश रोज एक रोप उचलून मुळं पाहायचा. पांढरी होती. तो आईला दाखवायला न्यायचा. ती मान हलवायची. एकदा तिनं मूळ दोन बोटांत धरून पाहिलं आणि सोडून दिलं.

मे महिना होता. एका सकाळी तो नागपूरला गेला, शिक्षकांच्या एका शिबिराला. पावणेअकराला मोबाइल पाहिला तेव्हा टाकीत बसवलेल्या, मोबाइलवर आकडे पाठवणाऱ्या तापमापकाचा शेवटचा आकडा दहा-चाळीसचा होता. त्यानंतर काही नव्हतं.

अर्ध्या तासानं पाहिलं. तेच.

वीज गेली होती.

बाहेर पंचेचाळीस अंश. एवढ्या उन्हात धार थांबली की पाइपातली मुळं तासा-दोन तासांत वाळतात, हे आता त्याला माहीत होतं. त्यानं आईला फोन लावला. वाजला, कुणी घेतला नाही. पुन्हा लावला. पाचव्यांदा लावला. शेजारी सुटीत गावाला गेलेले. दहाव्यांदा फोन लावताना त्याच्या लक्षात आलं की रोपांचा विचार केव्हाच गेला होता.

शिबिर सोडून तो निघाला. बस वाटेत तासभर बंद पडली. पोचायला साडेपाच वाजले.

जिना तो धावत चढला. लाइट नव्हतेच. दार उघडलं.

पलंग रिकामा होता.

वॉकरही जागेवर नव्हता.

“माय!”

बाल्कनीतून पाण्याचा आवाज येत होता.

अनसूयाबाई खुर्चीवर बसल्या होत्या. ओला पदर डोक्यावर. टाकीतून लोटा भरायच्या आणि खालच्या दोन पाइपांत बसूनच सोडायच्या. मग एका हातानं वॉकर धरून उठायच्या, वरच्या दोन पाइपांत सोडायच्या, पुन्हा बसायच्या. धार बारीक होती. करंगळीएवढी. ही त्यांना कुणी दाखवली नव्हती.

रोपं ताठ होती.

निखिलेश दारातच उभा राहिला. 

“फोन का नाही घेतलास?”

“तो तिकडं पलंगावर. मी इकडं.” लोटा रिकामा झाला. “पाणी थांबलं ना, तं पानं मलूल दिसाले लागली. मंग काय पाहत बसू? अरे, नदीच्या रेतीत डांगरवाडी करत व्हतो आम्ही. खणलेल्या झिऱ्यातून घागर भरायची अन् एकेका वेलाच्या बुडाशी न्यायची. हे तं लोटाभर काम हाय.”

“सकाळपासून?”

“मधात दोनदा चहा केला.”

म्हणजे ती स्वयंपाकघरातही जाऊन आली होती.

“काय पाहून राहिला?” अनसूयाबाई म्हणाल्या. “टाकी खाली गेली. बादली भर.”

त्यानं बादली भरली.

*

आठवड्यानं तो विहारात आला. सोबत पालकाची जुडी होती. आईनं खुडून दिलेली.

भंते गच्चीवर पंपाचं झाकण धूत होते. निखिलेशनं वंदन केलं, शेजारी बसला आणि त्या दिवसाचं सगळं सांगितलं. भंते ऐकत होते.

“आता एक विचारायचंय. मी इन्व्हर्टर पाहिलाय. वीज गेली तरी आठ तास पंप चालेल. पुन्हा म्हणून बंद पडणार नाही.”

“मंग?”

“घेणार होतो. दुकानापर्यंत गेलो…”

भंते झाकण पुसत राहिले.

“दुसऱ्या दिवशी वीज आली, भंते. पंप सुरू झाला. मी माईला म्हटलं, चल बाल्कनीत. तर म्हणाली, पाणी तं आपोआप फिरून राहिलं, माझं काय काम तिथं? त्या दिवशी ती उठली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. परवा तासभर वीज गेली…”

“तवा?”

“मी आत होतो. वॉकरचा आवाज आला.”

गच्चीवर पाणी पाइपांतून हळूहळू वाहत होतं.

“इन्व्हर्टर घेतला नाही, तर एखाद दिवशी बाग मरेल,” निखिलेश म्हणाला. “घेतला, तर…” त्यानं भंतेंकडे पाहिलं. “आता कोणता आकडा पाहू, तेच कळत नाही. माझा पंप चांगला आहे, भंते. एकदाही अडला नाही. सांगा, काय करू?”

भंतेंनी पंप टाकीत सोडला. बटणाकडे हात नेला आणि तिथंच थांबवला.

“मायले इचार,” ते म्हणाले, “रोज किती वेळ बंद ठेवू म्हणून.”